देशासाठी आणि देशाला : रविवारच्या उपासनेत झेंड्याची जागा



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला दोन फोन आले. एकाने विचारलं, "झेंड्याच्या विरोधात बोलणार आहात का?" दुसऱ्याने विचारलं, "झेंड्याच्या बाजूनेच बोलणार ना?" दोघंही आमच्याच मंडळीतले, आणि दोघांच्याही आवाजात काळजी होती. दिवस असे आहेत की या विषयावर तोंड उघडण्याआधी माणूस खिडकी बंद करतो. आम्ही ती उघडी ठेवून बोलणार आहोत, कारण यात लपवण्यासारखं काही नाही.

समीक्षा करायची तर समोर संहिता हवी. आमच्यापाशी एक उपासनाक्रम आहे. साधा, घडी घातलेला, दोन्ही बाजूंनी छापलेला कागद. तारीख २६ जानेवारी २०२५. त्या वर्षी प्रजासत्ताक दिन रविवारी आला होता. मंडळीचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, कारण असा कागद त्या दिवशी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी छापला गेला असेल. आणि हेही आधीच कबूल करतो की ज्या समितीने तो मंजूर केला तिच्यात आम्ही होतो. टाइप केलेला मसुदा फिरला तेव्हा आम्हीही "ठीक आहे" म्हणून पुढे सरकवला.

आता तो वाचू या. प्रारंभीचं गीत. पापांगीकार. स्तोत्र. मग, "राष्ट्रध्वजाचे आगमन, सर्वांनी उभे राहावे." रविवारच्या शाळेची चार मुलं पांढरे कपडे घालून मधल्या वाटेने ध्वज घेऊन येतात. तो उपदेशपीठाच्या उजव्या बाजूला ठेवला जातो. ध्वजवंदन. संविधानाच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन. राष्ट्रगीत. मग शुभवर्तमानाचं वाचन, "ख्रिस्ती नागरिकाची कर्तव्ये" या विषयावर उपदेश, दानार्पण, प्रभुभोजन, आशीर्वाद. चहा.

या कागदात काय आहे हे सगळ्यांनी पाहिलं. काय नाही, ते आमच्या लक्षात आलं घरी गेल्यावर. मध्यस्थीची प्रार्थना नव्हती. दर रविवारी आम्ही राष्ट्रपतींसाठी, पंतप्रधानांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, न्यायाधीशांसाठी, शेतकऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. ती त्या दिवशी वेळेअभावी वगळली होती. म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या उपासनेत देशाचं सगळं काही होतं, देशासाठी प्रार्थना तेवढी नव्हती.

आमचं सगळं म्हणणं या एका वगळण्याभोवती आहे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. आमच्याकडे आफ्रिकेतला एक विद्यार्थी येतो. पुण्यात असे बरेच आहेत, मराठी-इंग्रजी उपासनांना येऊन मागच्या बाकावर बसतात. तो सगळ्यांबरोबर उभा राहिला, ध्वजवंदनाच्या वेळी हाताचं काय करायचं म्हणून इकडेतिकडे बघत राहिला. प्रभुभोजनाला मात्र पुढे आला नाही. चहाच्या वेळी आमच्या एका मावशींनी विचारलं, "बाळा, बरं नाही का?" तो अगदी अदबीने म्हणाला, "आजचं प्रभुभोजन बाहेरच्यांसाठीही होतं का, ते मला कळलं नाही." मावशींनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्या मुलाला कुणी अडवलं नव्हतं, कुणाच्या मनात तसं काही नव्हतंही. पण उपासनेने त्याला काहीतरी सांगितलं होतं, आणि त्याने ते नीट ऐकलं होतं.

मराठी व्याकरणाने आम्हाला इथे एक सोय करून दिली आहे. "साठी" आणि "ला". देशासाठी काहीतरी करणं, आणि देशाला काहीतरी अर्पण करणं. बायबलमध्ये पहिल्या गोष्टीला भरपूर जागा आहे. पौल तीमथ्याला लिहितो ते राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला, आणि ते राजे कोण होते हे लक्षात घ्या. ख्रिस्ती तर नव्हतेच, फारसे सज्जनही नव्हते. यिर्मयाचं पत्र त्याहून कठीण आहे. बाबेलमध्ये बंदी म्हणून नेलेल्या आपल्या लोकांना तो सांगतो की ज्या शहराने तुम्हाला पकडून नेलं त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. यात मायभूमीचा अभिमान कुठेच नाही, असला तर तो गिळायला सांगितलेला आहे. ज्या गावात राहता तिथल्या लोकांचं भलं मागा, एवढंच.

दुसऱ्या गोष्टीला मात्र फार लवकर नकार मिळाला. इसवी सनाच्या ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन सुभेदार सम्राट ट्राजनला पत्र लिहून कळवतो की ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना तो कसं तपासतो. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळायचा, मद्य ओतायचं, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे. खरा ख्रिस्ती यातलं काहीच करत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. आणि पुढे शंभरएक वर्षांच्या आत टर्टुलियन राज्यकर्त्यांना उद्देशून लिहितो की आम्ही सम्राटाच्या दीर्घायुष्यासाठी, त्याच्या सैन्याच्या शौर्यासाठी, जगाच्या शांततेसाठी देवाकडे मागतो. त्याला देव म्हणणार नाही, इतकंच. सम्राटासाठी, होय. सम्राटाला, नाही. धूप चिमूटभरच होता. कुणी म्हटलं असतं, चिमूटभर धुपाने काय बिघडतं? पण त्या चिमटीसाठी लोक मेले.

आता कुणी म्हणेल, तुम्ही तिरंग्याची तुलना रोमन सम्राटाच्या मूर्तीशी करताय. नाही. ध्वजाला कुणी देव मानत नाही, आमच्या रविवारच्या शाळेतली मुलंही नाहीत. आणि व्याकरण जितकं सोपं वाटतं तितकं हे प्रकरण सोपंही नाही. राष्ट्रगीताचंच घ्या. ते पहिल्यांदा गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ ला, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं गेलं २४ जानेवारी १९५० ला. पण मुळात रवींद्रनाथांचं ते गाणं ब्राह्मसमाजी परंपरेतलं स्तवन आहे. पाच कडवी आहेत, आपण गातो ते पहिलं. आणि ते देशाला उद्देशून नाही, देशाचं भवितव्य ज्याच्या हाती आहे त्याला उद्देशून आहे. म्हणजे "ला" तिथे बरोबर जागी आहे! आमचे एक जुने पाळक हे नेहमी सांगत, की उपासनेत राष्ट्रगीत म्हणायचंच तर प्रार्थना म्हणून म्हणा, अर्थ समजून, डोळे मिटून. त्यांचं म्हणणं आम्हाला आजही अर्धं पटतं. उरलेलं अर्धं पटत नाही, कारण बावन्न सेकंद ताठ उभं राहून कुणी प्रार्थना करत नाही. शरीर वेगळंच काहीतरी करत असतं, आणि उपासनेत शब्दांइतकंच शरीर बोलतं.

इथे एक निकाल आठवतो. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, सर्वोच्च न्यायालय, ११ ऑगस्ट १९८६. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी त्यांना परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहणाऱ्याने गायलंच पाहिजे असा कायदा नाही, म्हणाले. त्या पंथाची शिकवण आम्हाला मान्य नाही, आमच्या मंडळ्यांनी त्यांना कधी जवळही केलं नाही. पण उभं राहणं वेगळं आणि गाणं वेगळं, हा बारीक फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला कळला, आणि आमच्या उपासना समितीला कळला नाही, याची थोडी लाज वाटते.

ध्वजाच्या जागेचा प्रश्नही असाच आहे. ध्वज संहिता सांगते की ध्वज जिथे लावाल तिथे त्याला मानाची जागा द्या. व्यासपीठावर लावलात तर वक्त्याच्या उजव्या हाताला. हे अगदी योग्य आहे. राष्ट्राच्या ध्वजाला कोपऱ्यात उभं करणं हा त्याचा अपमानच. अमेरिकेच्या ध्वज संहितेत तर चर्चचा स्पष्ट उल्लेख आहे: चर्चमध्ये काठीवर ध्वज असेल तर तो पाळकाच्या उजवीकडे, सर्वांत मानाच्या जागी. (त्याच संहितेत एक गमतीदार अपवाद आहे. नौदलाच्या जहाजावर समुद्रात उपासना चालू असेल तर चर्चचा छोटा ध्वज राष्ट्रध्वजाच्या वर फडकवता येतो. म्हणजे समुद्रावर देव वर, जमिनीवर राष्ट्र. कायदा करणाऱ्यांच्या मनात तसं नसेल, पण कागदावर तसंच आहे.) अडचण ध्वजाची नाहीच. अडचण ही की उपासनास्थळात मानाची जागा एकच असते, आणि ती आधीच दिलेली असते. दोन मानकरी एका खोलीत बोलावले की एकाचा अपमान ठरलेला. संहितेचं पालन करावं तर वेदी दुय्यम होते, वेदीचा मान राखावा तर ध्वज. ध्वजाचा खरा आदर ज्याला आहे त्याने तरी त्याला या अडचणीत टाकू नये.

आता थोडं मागे जातो, कारण आमच्या मंडळ्यांत असा समज आहे की हा सगळा प्रकार हल्लीचा आहे. तसं मुळीच नाही. मुंबईत कुलाब्याला, नौदलाच्या वस्तीजवळ, सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचं चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक म्हणून ते बांधलं, १८५८ च्या जानेवारीत त्याची प्रतिष्ठापना झाली. तारीख लक्षात घ्या. उत्तरेत तेव्हा अजून लढाई चालू होती. आत भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. काबूलहून १८४२ च्या जानेवारीत जी माघार झाली तीत सुमारे साडेचार हजार सैनिक होते आणि त्यांच्याबरोबर बारा हजारांच्या आसपास नोकरचाकर, बायकामुलं. जवळजवळ सगळे वाटेत बर्फात मेले किंवा मारले गेले किंवा पकडले गेले. सैनिकांतले बहुसंख्य हिंदुस्तानी शिपाई होते. ते कुठल्याच भिंतीवर नाहीत. तिथल्या काही बाकांना बंदुका टेकवून ठेवायच्या खाचा आहेत. १० मे १८५७ ला मेरठला उठाव झाला तो रविवारी, चर्चच्या वेळेला. त्यानंतर छावणीतल्या गोऱ्या शिपायांनी उपासनेला बंदूक घेऊन यायचा रिवाज पडला.

आम्ही त्या चर्चमध्ये जाऊन बसलो आहोत. फार सुंदर इमारत आहे, रंगीत काचांमधून येणारा उजेड तर विचारू नका. पण प्रार्थनेसाठी हात जोडले की समोर बंदुकीची खाच दिसते. देशभक्ती उपासनेत मुरली की ती कशी दिसते हे पाहायचं असेल तर तिथे जाऊन पाहावं. ती कुणाची तरी देशभक्तीच होती. आमची नव्हती, म्हणून आम्हाला ती लगेच ओळखू येते.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट. ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस राणी व्हिक्टोरियाच्या फर्मानाने उपवास आणि पश्चात्तापाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला गेला. कारण हिंदुस्तानातलं बंड. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जन यांनी उपदेश केला. २३,६५४ लोक हजर होते. संकटात सापडलेल्यांसाठी दानही गोळा झालं. स्पर्जन हे आजही आमच्या पाळकांचे आवडते उपदेशक, त्यांच्या उपदेशांची उदाहरणं आमच्या पीठावरून नेहमी ऐकू येतात. त्या दिवशी त्यांनी काय सांगितलं? हे दोन राष्ट्रांचं युद्ध नाही. हे प्रजेचं बंड आहे, आणि बंडखोरांना कायद्याने शिक्षा झालीच पाहिजे. न्याय म्हणून त्यांच्या बाजूने हेही सांगितलं पाहिजे की त्यांनी इंग्लंडची पापंही मोजली, श्रीमंतांनी गरिबांशी चालवलेली निष्ठुरता धरून. पण मागच्या बाकावर बसून तो उपदेश ऐकणारा एखादा मराठी ख्रिस्ती माणूस कल्पून पाहा. उत्तरेत तेव्हा बंडवाले देशी ख्रिस्त्यांनाही मारत होते, फिरंग्यांचे म्हणून. आणि क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रार्थनेत तो माणूस कुठे बसणार होता? "आम्ही" या शब्दात, की "ते" या शब्दात? त्याची अवस्था आमच्या त्या विद्यार्थ्यासारखीच झाली असती, फक्त कैक पटींनी वाईट.

इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाला तर असे राष्ट्रीय दिवस जोडलेलेच होते. ५ नोव्हेंबर, पार्लमेंट उडवण्याचा कट फसला म्हणून. ३० जानेवारी, चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला म्हणून. २९ मे, राजेशाही परत आली म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्या प्रार्थना म्हटल्या. १८५९ साली राजाज्ञेनेच त्या पुस्तकातून काढल्या गेल्या. उद्याच्या राजकारणाला लाज वाटेल असं काहीतरी आजच्या प्रार्थनेत शिरलेलं असतं. तिथे ते उमगायला दोनशे वर्षं लागली.

आता उलट बाजू. उपासनेत देश नकोच असं आमचं म्हणणं आहे का? तसं असतं तर आम्हाला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण बाजूला ठेवावं लागलं असतं. एक इंग्रज माणूस गोव्यात येतो, मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा लिहितो, १६१६ साली रायतूरला ती छापली जाते. आणि पंडिता रमाबाई. इंग्लंडातल्या मुक्कामात त्यांचा तिथल्या भगिनींशी पत्रांतून वाद झाला. वाद अनेक होते, त्यातला एक छोटासा: गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन शब्द का? संस्कृत का नकोत? रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं की संस्कृत पवित्र भाषा आहे म्हणून नव्हे, ती माझ्या देशाची सुंदर, प्राचीन भाषा आहे म्हणून मी तिला धरून राहते. राज्यकर्त्यांच्या देशात, राज्यकर्त्यांच्या धर्मगुरूंपुढे एका विधवा बाईने धरलेला हा हट्ट आम्हाला कुठल्याही ध्वजवंदनापेक्षा मोठा वाटतो.

आणि टिळक, रेव्हरंड नारायण वामन. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. देशावरच्या त्यांच्या कविता शाळेच्या पुस्तकांतून सगळ्या महाराष्ट्राने वाचल्या. पण आमच्या उपासनेत त्यांनी देश आणला तो अभंगातून, भजनातून, कीर्तनातून. आधी मंडळ्या परदेशी चालींवर मराठी शब्द बसवून गात होत्या. शब्द ओढून-ताणून चालीत कोंबलेले. टिळकांनी दारात टाळ वाजवला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' सुरू केला, आणि १९१९ मध्ये ते गेले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे की या माणसाला देश आणि देव या दोन्ही गोष्टींनी किती छळलं. तरी त्यांनी वेदीजवळ देशाला उभं केलं नाही. त्यांनी देशाच्या जिभेने देवाला हाक मारली. आज आमच्या मंडळीत कुणी म्हातारी बाई टिळकांचं भजन म्हणते तेव्हा हा देश उपासनेत असतोच, अंगोपांगी असतो. त्याला वेगळं मधल्या वाटेने आणावं लागत नाही.

मग आम्ही ध्वज का आणला? आमच्या त्या समितीच्या बैठकीत जे बोललं गेलं ते सांगतो, कारण इथे खरी मेख आहे. एक जण म्हणाले, "फोटो नीट काढा, ग्रुपवर टाकायचेत." दुसरे म्हणाले, "नगरसेवकांनाही बोलवा." कुणीतरी हळूच म्हणालं, "यंदा जरा दिसलेलं बरं." कुणी हसलं नाही.

"साठी" आणि "ला" यांच्या पलीकडे आणखी एक प्रकार आहे, मित्रहो, आणि आमच्यात तोच जास्त चालतो. देशाला दाखवण्यासाठी. त्या दिवशी आम्ही देवाकडे तोंड करून नव्हतो, आणि खरं पाहिलं तर देशाकडेही नव्हतो. आम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून होतो. याची टिंगल करायचं आमच्या मनात नाही. ही भीती कुठून येते ते आम्हाला माहीत आहे. १९५६ साली नागपुरात नियोगी समितीचा अहवाल निघाला, तेव्हापासून "यांची निष्ठा बाहेर आहे" हा संशय छापील स्वरूपात आमच्या डोक्यावर आहे. त्याआधी तो तोंडी होता. ज्या घरातला मुलगा सैन्यात आहे त्या घरालाही तो पुरावा पुरत नाही. रोज कुणीतरी ओळखपत्र मागावं तसं हे आहे, आणि ओळखपत्र दाखवून दाखवून माणसाचा हात आपोआप खिशाकडे जायला लागतो. पण उपासना हा असा एकच तास आहे जिथे आम्हाला ओळखपत्र मागितलं जात नाही. तिथेही आम्ही ते स्वतःहून काढून दाखवायला लागलो.

आणि असं दाखवताना काय लपवावं लागतं ते पाहा. १५ ऑगस्टच्या पाच दिवस आधी १० ऑगस्ट येतो. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला, अनुसूचित जातींबद्दलचा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानलं जाणार नाही. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत, आणि दलित मुसलमानही. मराठवाड्यात, अहिल्यानगरकडे, विदर्भात आमच्या मंडळ्या ज्यांच्या बळावर उभ्या आहेत ते हेच लोक. गावात जात सुटली नाही, कागदावर तेवढी गेली. अनेक ख्रिस्ती संघटना १० ऑगस्ट काळा दिवस म्हणून पाळतात. आमच्या उपासनाक्रमात तो कधी आला? १५ ऑगस्टचा कागद रंगीत छापतो, १० ऑगस्टचा छापतच नाही. २६ जानेवारीला उद्देशिका वाचली, समता शब्दावर आवाज चढला, छान वाटलं. पण मध्यस्थीची प्रार्थना वगळली होती, म्हणून जे त्या समतेच्या बाहेर राहिले त्यांचं नाव घ्यायला जागाच उरली नाही. त्यांतले निम्मे तिथे बाकांवर बसलेले होते.

आमोसाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. बेथेलचा याजक अमस्या आमोसाला हाकलतो आणि कारण देतो की इथे भविष्य सांगू नको, हे राजाचं पवित्रस्थान आहे, राज्याचं मंदिर आहे. अमस्या वाईट माणूस होता असं आम्हाला वाटत नाही. समितीचा माणूस होता. कार्यक्रम नीट पार पडावा एवढंच त्याला हवं होतं.

जर्मनीत १९३३ नंतर काय झालं, वेदीपाशी कुठले झेंडे उभे राहिले, १९३४ ला बार्मेनला कुणी कशाला नकार दिला, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. ते उदाहरण आम्ही मुद्दाम लांबवत नाही. प्रत्येक वादात जर्मनी आणला की विचार करायची गरज उरत नाही, आणि आमची स्थिती तशी नाहीही. त्यापेक्षा अधिक उपयोगाचं उदाहरण साधं आहे. फॉकलंड युद्ध इंग्लंडने जिंकलं. २६ जुलै १९८२ ला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये उपासना झाली. पंतप्रधान, राणी, सेनापती, सगळे हजर. उपदेशाला कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर लढलेला, शौर्यपदक मिळवलेला. त्याला कुणी भित्रा म्हणू शकत नव्हतं. विजयाचा जयघोष होईल असं अनेकांना वाटत होतं. रन्सींनी दोन्हीकडच्या शोकाकुल घरांची आठवण केली, अर्जेंटिनातल्या आईबापांचीही. सत्ताधारी पक्षातले काही लोक आणि काही वर्तमानपत्रं फार चिडली.

ती राष्ट्रीय उपासनाच होती, हे विसरू नका. राणी होती, सैन्य होतं. रन्सींनी कुणालाही बाहेर काढलं नाही. पण ब्वेनोस आयर्समधली एखादी आई त्या दिवशी तिथे मागच्या बाकावर बसली असती, तर तिला प्रभुभोजन आपल्यासाठी आहे का असा प्रश्न पडला नसता. आम्ही आमचा उपासनाक्रम या एका कसोटीवर घासून पाहिला, आणि तो उतरला नाही.

तेव्हा करायचं काय? आमच्या समितीपुढे आम्ही जे मांडलं तेच इथे सांगतो. ध्वजारोहण अंगणात करावं, उपासनेच्या आधी किंवा नंतर, नियमाप्रमाणे, नीट इस्त्री केलेल्या ध्वजाने, संपूर्ण मानाने. तिथे राष्ट्रगीत खणखणीत म्हणावं, आम्ही सगळ्यांत पुढे उभे राहू. नगरसेवकांना बोलवायचं तर तिथे बोलवावं. कॅथलिक बांधवांचं या बाबतीत कौतुक वाटतं. त्यांचा १५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, देश स्वतंत्र व्हायच्या कितीतरी आधीपासून; त्यामुळे वसईकडे सणाची मिस्सा आत आणि झेंडा बाहेर अशी वाटणी आपसूक होऊन जाते. सगळीकडे अशीच होते असं नाही. आत आल्यावर मात्र आम्हाला मध्यस्थीची प्रार्थना हवी, आणि ती लांब हवी. तिच्यात सरकारचं नाव हवं, विरोधकांचं हवं, सीमेवरच्या जवानांचं हवं, सीमेपलीकडच्यांचंही हवं. १० ऑगस्टचं नाव हवं. उद्देशिका वाचायचीच असेल तर पापांगीकाराच्या आधी वाचावी, म्हणजे तिच्यातलं काय आपण पाळत नाही ते कबूल करता येईल.

समितीत यावर मतदान झालं नाही. अध्यक्ष म्हणाले, विचार करू. एक सभासद आमच्यावर रागावले, त्यांचे थोरले भाऊ १९७१ च्या युद्धात होते. ते म्हणाले, "माझ्या भावाच्या झेंड्याला तुम्ही अंगणात उभं करणार?" आम्ही म्हणालो, अंगण सगळ्या गावाला दिसतं. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या रागात खोटं काही नव्हतं, आणि त्यांना द्यायला यापेक्षा चांगलं उत्तर आमच्याकडे अजून तयार नाही.

यापुढे १५ ऑगस्ट रविवारी येतो तो २०२७ साली. म्हणजे कागद छापायला टाकण्याआधी थोडा वेळ आहे. तो विद्यार्थी अजून येतो, मागच्याच बाकावर बसतो. मावशी आता त्याच्या शेजारी बसतात.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत. पहिला प्रश्न ज्यांनी फोन केला होता त्यांनी विचारावा. दोघंही समोर बसलेले आम्हाला दिसताहेत.